लाखाचं भिंग आणि तांदळातले खडे

"काय गं सुमन, काल मालकांना डोळे दाखवायला नेलं होतंस ना? काय म्हणाले?"

माईंनी कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकलं. म्हणजे अर्धा तास तरी गेलाच समजायचा.

"मोतीबिंदूच आहे, माई. उजव्यात जास्त, डावा मागून येतोय. म्हणाले, करून टाका."

"मग करून टाका की! पूर्वी पिकू द्या, पिकू द्या म्हणायचे. आता पिकलेला डॉक्टरांनाच नको असतो. कडक झाला की फोडायला वेळ लागतो, बुबुळाला ताप होतो. अडलंय कुठं?"

"लेन्सपाशी."

आमच्या शाहूपुरीत डोळ्यांचा विषय निघाला की शेवटचा शब्द माईंचा. उभी नोकरी डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून काढलेली बाई. डॉक्टरांचं लोक ऐकून घेतात आणि मग या भिंतीपाशी येऊन त्याचं खरंखोटं करून घेतात. मी तरी कुठली वेगळी! आत जाऊन तो कागद घेऊन आले. डॉक्टरांनी पाच मिनिटं पाहिलं होतं. पुढचा पाऊण तास काचेच्या केबिनमधली काउन्सिलर म्हणून बसलेली चुणचुणीत पोरगी बोलत होती, तिनं दिलेली ही झेरॉक्स.

माईंनी कागद हातभर लांब धरला, मग जवळ घेतला. "मोनोफोकल इंडियन. मोनोफोकल इम्पोर्टेड, ॲस्फेरिक. टोरिक. ईडॉफ. ट्रायफोकल. आणि खाली उतरावं तसे पैसे वर चढतायत. पहिलीला पंचवीस हजार, शेवटचीला एका डोळ्याला लाखाच्या वर. बरं, पोरगी काय म्हणाली?"

"म्हणाली, काका, आयुष्यात एकदाच करायचंय, मग बेस्टच घ्या ना."

"आणि काका खूश!"

"खूश म्हणजे? येताना गाडीत माझ्याशी भांडण. म्हणे, कोपऱ्यावरच्या सरांनी घातली तीच घालायची. सर बिनचष्म्याचा पेपर वाचतात."

माईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. हा आवाज मला चांगला ठाऊक आहे.

"सर तोंडानं सांगायचे नाहीत, लाखावर पैसे घातलेत. पण बाई सांगतात. सकाळी पडवीत ऊन असतं तेव्हा पेपर खडाखडा वाचतात, खोटं नाही ते. पण लाइट गेली, किंवा देवघरातल्या मिणमिणत्या दिव्याशी पोथी घेऊन बसले, की अक्षरं फिकट दिसतात. गणपतीत रोषणाई बघायला गेले तर प्रत्येक दिव्याभोवती कडी. घरी येऊन गप्प बसले होते म्हणे."

"म्हणजे ऑपरेशन चुकलं?"

"चुकलं कसलं! उत्तम झालंय. ती लेन्सच तशी असते, अगं. ट्रायफोकलच्या अंगावर एकात एक अशी अतिबारीक कडी कोरलेली असतात, नुसत्या डोळ्यांना धड दिसणारही नाहीत. त्या कड्यांनी आत आलेला उजेड तीन ठिकाणी वाटला जातो. एक वाटा लांबचं बघायला, एक ६० ते ८० सेंटिमीटरवरचं, म्हणजे ओट्यावरचं, कॉम्प्युटरचं, आणि एक ४० सेंटिमीटरवरचं, पुस्तकाचं. दूध तेच एक लिटर, घरं तीन. आणि वाटताना थोडं सांडतंही, तो उजेड कुणाच्याच कामाला येत नाही. दिवसाउजेडी काही जाणवत नाही, उजेडच भरपूर. रात्री मुळात कमी, त्यात वाटे. शिवाय लांबचा दिवा बघताना जवळच्या वाट्याचं पुसट चित्रही पडद्यावर पडतंच. तीच ती कडी."

"मग ती जन्मभर?"

"कडी राहतात, पण बहुतेकांचा मेंदू चार-सहा महिन्यांत त्यांच्याकडं काणाडोळा करायला शिकतो. काहींचा शिकत नाही. आमच्याकडं एक बाई होत्या, त्यांना इतका त्रास की शेवटी लेन्स काढून साधी घातली. आणि दुसरीकडं असेही पेशंट पाहिलेत की चष्मा सुटल्यावर डॉक्टरांच्या पाया पडायला आले. वाईट नाही गं ती लेन्स. पण मालक रात्री गाडी चालवतात ना?"

चालवतात. मेढ्याजवळच्या शेतावरून परत यायला यांना नेहमीच अंधार पडतो. दोन पदरी रस्ता, समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा दिवा थेट तोंडावर. आत्ता मोतीबिंदूमुळंच ते दिवे फुटून पसरतात म्हणून तर डॉक्टरकडं गेलो. ते दिवे घालवायला लाख रुपये भरायचे आणि वर नवी कडी घेऊन यायची, हा हिशेब मला काही पटेना.

"पण माई, सरांना तर तक्त्यावर सगळ्यात खालची ओळ वाचता आली. सहा बाय सहा. स्वतः सांगत होते."

"तक्त्याचं मला सांगू नकोस. पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरं, मागं दिवा लावलेला. जगात असं काय असतं गं?" माईंनी मागं वळून ओट्यावरचं सूप उचललं आणि भिंतीवर आणून ठेवलं. आंबेमोहर होता. "हे बघ. पांढऱ्या तांदळात पांढरा खडा. दोघांच्या रंगात फरक किती? एवढासा. तो फरक दिसणं म्हणजे खरी नजर. संध्याकाळी उतरताना पायरीची कड, दुधावरची साय, धुक्यात पुढं चाललेली राखाडी गाडी. डॉक्टर लोक त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. त्याचा तक्ता निराळा असतो, त्यावर अक्षरं फिकी फिकी होत जातात. तो दाखवला का तुम्हाला?"

"नाही."

"नाहीच दाखवत सहसा." बोलता बोलता त्यांच्या बोटांनी एक खडा उचलून भिंतीपलीकडं टाकला. मला तो टाकल्यावर दिसला.

मग मी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मोनोफोकल दोन प्रकारची, आणि ॲस्फेरिक म्हटलं की दहा-बारा हजार जास्त. हे काय गौडबंगाल?

"हे गौडबंगाल नाही, यात तथ्य आहे. आपलं बुबुळ जे असतं ना, त्याच्या कडेनं येणारा उजेड मधल्या उजेडापेक्षा किंचित अलीकडंच एकत्र येतो. तरुणपणी आतलं नैसर्गिक भिंग याच्या नेमकं उलट करतं, हिशेब जुळतो. जुन्या गोल घडणीच्या लेन्स मात्र बुबुळाच्या चुकीत आपली भर घालायच्या. ॲस्फेरिकचा उतार कडेला थोडा चपटा करतात, म्हणून ती चूक कापली जाते. फायदा कधी? बाहुली मोठी होते तेव्हा, म्हणजे अंधारात. दुपारच्या उन्हात बाहुली बारीक झालेली, कडेचा उजेड आत येतच नाही, मग दोन्ही सारख्याच. आणि आपल्या वयाला बाहुली तशीही फारशी फाकत नाही. तक्त्यावर फरक दिसणार नाही, मेढ्याच्या रस्त्यावर थोडा दिसेल. मी म्हणते, या दहा हजारांना नाही म्हणू नका. पण एक आहे, ती बरोबर मधोमध बसली पाहिजे. तिरकी बसली की गुण कमी."

"आणि इम्पोर्टेड?"

"ते तुझ्या नणंदेला विचार, तिचं ऐकून तू आलीयस." माईंना सगळं माहीत असतं. "अगं, लेन्स आपल्याकडं उत्तम होतात. मदुराईला अरविंद म्हणून हॉस्पिटल आहे, १९७६ साली डॉक्टर वेंकटस्वामींनी काढलं. परदेशी लेन्स तेव्हा शंभर डॉलरच्या आसपास पडायची, गरिबाला कुठून परवडणार? त्यांनी १९९२ मध्ये ऑरोलॅब म्हणून आपलाच कारखाना टाकला आणि ती दहा डॉलरच्या आसपास आणली. आमच्या शिबिरांतून शेकडो म्हाताऱ्यांना देशी लेन्स बसवल्यात. मागच्या गल्लीतल्या आक्कांची तसलीच, शिबिरातली. जवळच्या चष्म्यानं अजून गोधड्या शिवतात. देश कुठला ते विचारू नका. माल कुठला, कड कशी, घडण कशी ते विचारा."

"कड?"

कडेचं प्रकरण मला नवीन होतं आणि माई त्यावर खुलल्या. मोतीबिंदू ज्या पातळ पिशवीत असतो, ती पिशवी तशीच ठेवून तिच्यात लेन्स बसवतात. मधला भाग ६ मिलिमीटरचा, आणि त्याला धरून ठेवायला दोन वाकडे पाय. घडी घालून दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून आत सोडली की डोळ्यात हळूहळू उलगडते. माईंनी तळहात मिटून उघडून दाखवला. हे बघताना नव्या सिस्टर पोरी श्वास रोखून उभ्या राहायच्या म्हणे. पुढं काही महिन्यांनी, वर्षांनी पिशवीत राहिलेल्या पेशी लेन्सच्या मागं सरकतात, पुन्हा धूसर दिसायला लागतं, आणि लोक म्हणतात, मोतीबिंदू परत आला. परत येत नाही, जाळी येते. याग लेझरनं ती मिनिटांत उघडतात. तर या पेशींना अडवायला लेन्सची मागची कड चौकोनी, धारदार ठेवायला सुरुवात झाली आणि जाळीचं प्रमाण उतरलं.

"मग झालंच की."

"कसलं झालं! त्याच धारेवरून कुणाकुणाला उजेड चमकायला लागला, कुणाला कानाच्या बाजूला चंद्रकोरीगत सावली दिसायला लागली. बहुतेकांची जाते महिन्याभरात, एखाद्याची राहते. एक सुधारलं की दुसरं कुठंतरी डोकं वर काढतं. पहिल्यापासून हेच. त्या रिडलीचं काय झालं?"

रिडली कोण, असं मी विचारायचं असतं. विचारलं.

"लंडनचा डॉक्टर, हॅरॉल्ड रिडली. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या कॉकपिटचं प्लॅस्टिक फुटून वैमानिकांच्या डोळ्यात तुकडे जायचे. लोखंडाचा कण राहिला तर डोळा नासतो. हे तुकडे मात्र नुसते पडून राहायचे, डोळ्याला काही नाही. यानं ते हेरलं. २९ नोव्हेंबर १९४९ ला सेंट थॉमस हॉस्पिटलात त्याच जातीच्या प्लॅस्टिकची लेन्स एका बाईच्या डोळ्यात बसवली. आणि नंबर केवढा राहिला? मायनस अठराच्या घरात!"

"अगंबाई!"

"माणसाच्या भिंगाचा आकार हुबेहूब उचलला ना, पण प्लॅस्टिक उजेडाला जास्त वाकवतं, ते हिशेबात बसलं नाही. मग काय, लोकांना आयतंच मिळालं. तिथले सगळ्यात बडे डोळ्यांचे डॉक्टर ड्यूक-एल्डर, त्यांचाही विरोध. डोळ्यातून वस्तू काढायची सोडून घालतो कसला, म्हणून नावं ठेवली बिचाऱ्याला. २००० साली 'सर' केलं, तेव्हा माणूस ९३ वर्षांचा. पण तोपर्यंत त्याच्या स्वतःच्याही मोतीबिंदूवर लेन्स बसली होती, त्याच हॉस्पिटलात. भरून पावला."

रिडलींबद्दल माई अशा बोलतात की जणू ते पोवई नाक्यावर राहायचे.

"आणि आमची जाऊ सांगते, तिनं लेझरनं केलं."

"फेको केलं असेल. सगळे लेझर म्हणतात. तो ध्वनिलहरींचा खेळ आहे. अमेरिकेत केलमन म्हणून डॉक्टर, दाताच्या डॉक्टरकडं दात साफ करायला खुर्चीत बसले होते, तिथलं थरथरणारं यंत्र बघून त्यांना सुचलं. १९६७ साली त्यांनी ते करून दाखवलं. लेझरचं मशीनही आलंय आता, ते वेगळं, त्याचे पैसेही वेगळे. पण टोरिकचं काय म्हणाली पोरगी? मालकांना सिलिंडर नंबर आहे ना?"

"आहे. उजव्याला दीड-दोन."

"मग ट्रायफोकलच्या आधी हे बघायचं. बुबुळ उभं-आडवं सारखं गोल नसलं की सिलिंडर येतो. साधी लेन्स तो काढत नाही, टोरिक काढते. पण ती ठरल्या कोनातच बसली पाहिजे. एक अंश फिरली की गुण साधारण तीन टक्क्यांनी उतरतो, तीस अंश फिरली की टोरिक असून नसल्यासारखी. म्हणून पेशंट बसलेला असतानाच बुबुळाच्या कडेला शाईची खूण करायचे. झोपला की डोळा आत किंचित फिरतो. मी डोकं धरायची, डॉक्टर खूण करायचे."

माझ्या बहिणीची लेन्स अशीच फिरली होती. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात. नाव सांगत नाही, अजून तिकडंच जाते. पहिल्या आठवड्यात लांबचं छान, मग एके दिवशी सगळं तिरपं, पसरट. परत आत नेऊन लेन्स फिरवून सरळ केली तेव्हा ठीक झालं. हे सांगितल्यावर माईंनी फक्त मान हलवली. त्यांच्या लेखी हे होतंच कधीतरी.

मधल्या ईडॉफला त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. लांबचं आणि हातभर अंतरावरचं चांगलं, बारीक अक्षराला थोडा चष्मा. कडी ट्रायफोकलपेक्षा कमी, त्यातही कोरीव कडी नसलेल्या जातीला आणखी कमी. बसल्या जागी मोबाइल बघणाऱ्यांना बरी. पिवळ्या लेन्सचं मी विचारलं, पोरगी म्हणाली होती की निळा उजेड अडवून पडदा वाचवते. माई म्हणाल्या, पिवळी घातली तरी बिघडत नाही. पण पडदा वाचतो असा पुरावा काही हाती लागलेला नाही, तेव्हा त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, "साखर किती वर्षं आहे गं मालकांना?"

"झाली बारा-तेरा."

"पडदा तपासला? थेंब घालून? तो ओसीटीचा फोटो काढला?"

थेंब घातले नव्हते. काढायचा राहिलाय, पुढच्या वेळी, असं म्हणाले होते.

"बघ! पडद्याचं माहीत नाही आणि लेन्सचे पैसे सांगून मोकळे. साखरेनं पडद्याला सूज असली, काचबिंदू असला, तर नजरेतला बारीक फरक आधीच गेलेला असतो. त्यावर आणखी उजेडाचे वाटे करायचे? ट्रायफोकल त्या डोळ्यात घालूच नये. आधी पडदा, मग मोजणी, मग लेन्स. मोजणी तर देवाच्या जागी. डोळा साधारण २३-२४ मिलिमीटर लांब, त्यात एक मिलिमीटर चुकलं की अडीच-तीन नंबरचा फरक. डोळे कोरडे असले तरी बुबुळाचं माप चुकतं. अर्धा नंबर राहिला तर साधी लेन्स सांभाळून घेते, लाखाची घेत नाही."

मी कागदाची घडी घालायला लागले. तेवढ्यात त्यांनी आणखी एक खडा वेचला. मघापासून माझ्या मनात जे घोळत होतं ते शेवटी विचारलंच.

"माई, तुमची दोन्ही ऑपरेशनं झालीत. चष्मा नाही. तांदूळ निवडताय, आणि परवा देवळाच्या कळसावरचं माकडही आधी तुम्हीच दाखवलंत. तुमची लेन्स कुठली? भारीतली असणार."

"ही वरून पहिली."

"पंचवीस हजारवाली?"

"तेव्हा त्याहून स्वस्त. उजवा डोळा लांबचा ठेवला आणि डावा मुद्दाम जवळचा, दीड नंबर मायनस. साधीच लेन्स, फक्त पॉवर वेगळी काढायची. लांबचं उजवा बघतो, तांदूळ डावा. मेंदू आपोआप निवडतो. रात्री दिव्यांना कडी नाहीत."

मी कागद पुन्हा उघडला. वरपासून खालपर्यंत वाचला. "माई, यात ही ओळच नाही!"

"कशी असेल? तिला लेन्स वेगळी लागत नाही, मग पैसे कशाचे लावणार? पण लगेच धावू नकोस. सगळ्यांना नाही सोसत ती. दोन डोळ्यांत फरक ठेवला की खोली, अंतर जरा कमी कळतं. मी थोडीच गाडी चालवते! मालकांना रात्रीचा घाट-रस्ता आहे. त्यांनी दोन्ही डोळे लांबचेच ठेवावेत, किंवा फरक ठेवलाच तर अगदी थोडा. आणि तोही आधी चष्म्यानं नाहीतर कॉन्टॅक्ट लेन्सनं करून बघायचा, सोसतो का ते."

शेवटी भिंतीपाशीच ठरलं. परवा जाऊन आधी पडद्याचा फोटो. उजव्या डोळ्याला टोरिक, मोजणी पुन्हा एकदा वेगळ्या दिवशी. वाचायला चष्मा लागेल, तो मी त्यांच्या गळ्यात दोरीनं बांधेन. ऑपरेशननंतर लेन्सच्या खोक्यावरचा स्टिकर लावलेलं कार्ड मिळतं, पॉवर आणि नंबर छापलेलं. ते रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवायचं, पुढंमागं काही झालं तर आधी तेच मागतात, हेही माईंनी दोनदा बजावलं. यांना समजवायचं काम माझं. "सरांसारखी पाहिजे" यावर काय बोलायचं तेवढं मात्र सुचत नव्हतं.

"आणि हे बघ," माई सूप उचलता उचलता म्हणाल्या, "सरांचं मी सांगितलं म्हणून बोलू नकोस हां कुठं."

"मी कशाला बोलतेय?"

खरंच नाही बोलले. फक्त यांना सांगितलं. आणि यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जाताना थेट सरांनाच विचारलं, "काय हो सर, गणपतीत दिव्यांना कडी दिसली म्हणे?"

तेव्हापासून सरांच्या बाई माझ्याशी बोलत नाहीत, माईंशी मात्र बोलतात.